ओळख रस्त्याकडेच्या वृक्षांची

दसऱ्याच्या आदल्या दिवशी महाराष्ट्रातील लहानमोठ्या शहरांच्या बाजारपेठांत ‘सोने’ विक्रीस येते. पदपथावर मांडलेल्या त्या जुड्या आपट्याच्या पानांच्या आहेत, अशी विकणाऱ्याची समजूत असते आणि घेणाऱ्याचीही. प्रत्यक्षात त्यांतील पुष्कळशी पाने कांचनाची असतात. दोन्ही झाडे एकमेकांची निकटची नातलग, दोहोंची पाने टोकाकडून मध्यभागी दुभंगलेली. त्यामुळे सणाच्या घाईत फसगत होणे स्वाभाविक आहे. परंतु पान हातात घेऊन पाहिले, तर भेद लपत नाही. आपट्याचे पान लहान, जाडसर, किंचित खरखरीत आणि लांबीपेक्षा रुंदीला थोडे अधिक असते. कांचनाचे पान त्याहून बरेच मोठे आणि पातळ असते. आपट्याची बारीक, फिकट फुले उन्हाळ्यात येतात आणि सहसा कोणाच्या लक्षातही येत नाहीत. कांचनाची गुलाबी, जांभळी वा पांढरी टपोरी फुले मात्र रस्त्यावरूनच नजरेत भरतात. ओळखीच्या या अभावाचा परिणाम असा, की आपटा सोने म्हणून ओरबाडला जातो आणि कांचन आपटा म्हणून.

पूर्वी बँकेत नवे खाते उघडावयाचे असले, तर एखाद्या जुन्या खातेदाराची ओळख अर्जावर लागत असे. आज त्या जागी ओळखपत्रे व पत्त्याचे पुरावे आले आहेत. परंतु ओळख पटल्यावाचून व्यवहार पुढे सरकत नाही, हा दंडक कायम आहे. शाखेसमोरच्या झाडाला मात्र हा दंडक कोणी लावीत नाही. त्याच्या सावलीत वीस वर्षे वाहन उभे करणाऱ्यालाही नाव विचारले, तर ‘असेल कसले तरी जंगली झाड’ एवढेच उत्तर मिळते. ही अनोळख दूर करण्यासाठी देशातील अनेक शहरांत नागरिकांकरिता वृक्षओळखीच्या फेऱ्या, वृक्षगणना आणि सामूहिक बागकाम असे उपक्रम चालवले जातात. त्यांत सहभागी होण्यास वनस्पतिशास्त्राची पदवी लागत नाही.

नावाच्या गफलतीची किंमत काही वेळा दसऱ्याच्या जुडीपेक्षा अधिक असते. गृहसंकुलांच्या कुंपणालगत पहारेकऱ्यांसारख्या ताठ उभ्या असलेल्या उंच, निमुळत्या झाडांना सर्रास ‘अशोक’ म्हटले जाते. ही झाडे सीताफळाच्या कुळातील आहेत; अशोकाशी त्यांचे काही नाते नाही. खरा अशोक, ज्याला मराठीत सीतेचा अशोक म्हणतात, तो चिंचेच्या आणि बहाव्याच्या नात्यातील, मध्यम उंचीचा, पसरट माथ्याचा वृक्ष आहे. त्याची कोवळी पालवी तांबूस व लोंबती असते आणि वसंतात त्याच्या जुन्या फांद्यांवर केशरी-तांबड्या फुलांचे झुबके थेट उमलतात. आयुर्वेदातील अशोकारिष्टासाठी याच वृक्षाची साल लागते. बाजारात तिच्यात त्या नावापुरत्या अशोकाच्या सालीची भेसळ होते, हे वनौषधींच्या अभ्यासकांनी अनेकदा दाखवून दिले आहे. इकडे सालीच्या मागणीमुळे जंगलातील खरा अशोक घटत गेला आणि आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाच्या यादीत तो धोक्यात आलेल्या जातींमध्ये नोंदवला गेला. हजारो वसाहतींनी अशोक लावल्याचे समाधान मिळवले. अशोक मात्र लावलाच गेला नाही.

फेरीत काय शिकवले जाते?

वृक्षओळखीची फेरी बहुधा रविवारी सकाळी लवकर सुरू होते आणि दोन-अडीच तासांत संपते. एवढ्या वेळात किलोमीटरभरही चालणे होत नाही. चांगला जाणकार झाडाखाली उभा राहताच नाव सांगून मोकळा होत नाही. तो आधी पाहावयास लावतो, स्पर्श करावयास लावतो, गळलेले पान चुरगळून त्याचा वास घ्यावयास सांगतो. नाव सर्वांत शेवटी येते आणि म्हणूनच ते लक्षात राहते.

पहिला धडा पानाचा असतो, आणि तेथेच बहुतेकांची गाडी अडते. कडुनिंबाची जी दातेरी पाने गुढीपाडव्याला चावली जातात, ती वस्तुतः पाने नव्हेतच. ते एकाच लांब पानाचे भाग, म्हणजे पर्णिका होत. पान नेमके कोठून सुरू होते, हे ठरवण्याची खूण सोपी आहे. पानाचा देठ फांदीला जेथे मिळतो, त्या बेचक्यात एक बारीक कोंब असतो. पर्णिकेच्या बुडाशी असा कोंब नसतो. ही एक खूण डोळ्यांत बसली, की ओळखीचे अर्धे काम झाले. आंबा, वड, जांभूळ, बकुळ यांची पाने साधी. कडुनिंब, चिंच, करंज, बहावा यांची पर्णिकांत विभागलेली. आणि गुलमोहर, सोनमोहर, शिरीष यांची दोनदा विभागलेली. रस्त्यावरील झाडांचे तीन ढोबळ गट येथेच पडतात.

त्यानंतर पानांची मांडणी पाहिली जाते. जांभळाची पाने फांदीवर समोरासमोर येतात, वडाची एकाआड एक, तर सप्तपर्णीची पाने छत्रीच्या काड्यांप्रमाणे एकाच बिंदूभोवती गोलाकार असतात. ती प्रत्येक वेळी सातच भरतात असे मात्र नाही. देठ तुटल्यावर पांढरा चीक आला, तर वड, पिंपळ, उंबर, फणस किंवा सप्तपर्णी, चाफा अशा मोजक्याच शक्यता उरतात. बेलाचे वा निलगिरीचे पान चुरगळताच वासाने स्वतःची ओळख सांगते. अर्जुनाचे फिकट, गुळगुळीत खोड पापुद्र्यांनी सुटते. काटेसावरीच्या तरुण खोडावर शंकूसारखे काटे असतात. फूल हे खात्रीचे लक्षण खरे, परंतु ते वर्षातील काही आठवडेच दिसते. उरलेल्या काळात साल, पान आणि खाली पडलेली शेंग यांवरच भागवावे लागते.

या शेंगांचा उपयोग शिरीष व पर्जन्यवृक्ष यांच्या बाबतीत विशेष होतो. मुंबई-पुण्याच्या अनेक जुन्या रस्त्यांवर छत धरून उभा असलेला विशाल वृक्ष म्हणजे पर्जन्यवृक्ष. तो उष्णकटिबंधीय अमेरिकेतून येथे आला. पुष्कळ लोक त्याला शिरीष समजतात. खरा शिरीष देशी आहे. त्याच्या शेंगा कागदासारख्या पातळ व सपाट असतात आणि वाळल्यावर वाऱ्याने खुळखुळतात. पर्जन्यवृक्षाची शेंग जाड, काळपट आणि आतून चिकट गराची असते. एकदा दोन्ही शेंगा हातात धरल्या, की पुन्हा चूक होत नाही.

हल्ली भ्रमणध्वनीवर छायाचित्र काढताच झाडाचे नाव सुचवणाऱ्या सुविधा उपलब्ध आहेत. त्यांना कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु त्यांना केवळ एका पानाचे चित्र दिले, तर त्यांचा निष्कर्षही एका पानापुरताच राहतो. पान, साल, फूल वा फळ यांची वेगवेगळी चित्रे घेणाऱ्यास त्यांचा चांगला उपयोग होतो. म्हणजे काय पाहावयाचे, हे आधी ठाऊक असावेच लागते.

बदलीच्या गावी नवे नाव

बँकेच्या सेवेत बदल्या अटळ असतात, आणि बदलीबरोबर झाडांची नावेही बदलतात. नाशिकचा बहावा दिल्लीत अमलतास होतो, गुजरातेत गरमाळो, कर्नाटकात कक्के, तमिळनाडूत कोन्रै आणि केरळात कणिक्कोन्ना. झाड तेच, पिवळ्या घोसांची झुंबरे तीच. अशा वेळी शास्त्रीय नाव उपयोगी पडते. कार्ल लिनियस या स्वीडिश शास्त्रज्ञाने 1753 साली वनस्पतींना दोन शब्दांची नावे देण्याची पद्धत रूढ केली. तिच्यानुसार बहावा जगभर ‘कॅशिया फिस्टुला’ आहे. ते नाव कानाला परके वाटते हे खरे, पण कोणत्याही राज्यात ते एकाच झाडाचे असते. स्थानिक नाव मात्र सोडून देऊ नये. फेरीत शेजारी चालणाऱ्या माळ्याला वा भाजीवालीला ‘कॅशिया’ ठाऊक नसतो, आणि त्या झाडाविषयीची बरीचशी माहिती त्यांच्याकडेच असते.

बंगळुरूत अशा फेऱ्यांना जुनी पार्श्वभूमी आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात लालबागेची धुरा सांभाळणारे जर्मन उद्यानतज्ज्ञ गुस्ताव हरमान क्रुम्बिगल यांनी रस्त्यांवर झाडे लावताना त्यांच्या फुलण्याचा क्रम विचारात घेतला. वर्षाच्या कोणत्याही काळात शहरातील कोणता ना कोणता रस्ता फुललेला असावा, अशी ती योजना होती. 2014 साली तेथील नागरिकांनी ‘नेरळु’, म्हणजे सावली, या नावाने वृक्षोत्सव सुरू केला. लोकांना झाडांखालून हिंडवून त्यांची ओळख करून देणे हा त्याचा गाभा आहे.

मुंबईत यासाठी भायखळ्याच्या राणीच्या बागेइतकी सोयीची जागा दुसरी नाही. 1862 साली खुले झालेले हे उद्यान आज वीरमाता जिजाबाई भोसले यांच्या नावाने ओळखले जाते. मुले तेथे प्राणी पाहावयास जातात, आणि मोठेही बहुधा तेवढेच पाहून परततात. वास्तविक ते मुळात वनस्पतिउद्यान आहे. प्राणिसंग्रहालय नंतर आले. आफ्रिकेतील गोरखचिंच, खोडावर थेट फुलणारा दक्षिण अमेरिकेतील कैलासपती, ब्रह्मदेशातून आलेली आणि क्वचितच कोठे आढळणारी उर्वशी, शिवाय सीतेचा अशोक, असे वृक्ष तेथे एका फेरीत भेटतात. 2007 च्या सुमारास प्राणिसंग्रहालयाच्या पुनर्विकासाचा कित्येक कोटी रुपयांचा भव्य आराखडा पुढे आला, तेव्हा त्यात झाडांचे काय होणार हा प्रश्न मुंबईतील काही नागरिकांनी विचारला. त्यांत वर्षानुवर्षे त्या झाडांखाली फिरलेली माणसे होती. त्यामुळे त्यांना ‘झाडे वाचवा’ एवढेच म्हणावे लागले नाही. कोणत्या जातीचे कोणते झाड कोठे आहे, हे त्यांना सांगता येत होते. दीर्घ पाठपुराव्यानंतर तो मूळ आराखडा मागे पडला आणि पुढे कमी व्याप्तीचे काम हाती घेण्यात आले. पेंग्विन पाहण्यासाठी आज लागणारी रांग ज्या जुन्या झाडांच्या सावलीतून पुढे सरकते, त्यांच्या मागे हा इतिहास आहे.

मोजणी आणि कायदा

ओळख पटली, की मोजणी शक्य होते. महाराष्ट्राच्या नागरी क्षेत्रांतील वृक्षांच्या संरक्षणासाठी 1975 सालचा कायदा आहे. त्यानुसार शहरांत वृक्ष प्राधिकरण असते, त्याने दर पाच वर्षांनी वृक्षगणना करावयाची असते आणि झाड तोडण्याचा अर्ज आल्यास वृत्तपत्रांत व प्रत्यक्ष झाडावर सूचना लावावयाची असते, जेणेकरून नागरिकांना हरकत घेता यावी. 2021 च्या दुरुस्तीने पन्नास वा अधिक वर्षे वयाच्या झाडास ‘वारसा वृक्ष’ हा दर्जा दिला आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी नवी झाडे लावण्याची अट घातली.

ही तरतूद वाचताना एक गोष्ट सहज निसटते. झाडाचे वय बाहेरून खोडाच्या घेरावरूनच अंदाजावे लागते, आणि घेर वाढण्याची गती प्रत्येक जातीत निराळी असते. पर्जन्यवृक्ष झपाट्याने फुगतो. बकुळ सावकाश वाढतो. त्यामुळे रस्त्यावरचा प्रचंड पर्जन्यवृक्ष शेजारच्या सडपातळ बकुळीपेक्षा वयाने लहान असू शकतो. जात चुकली की वय चुकते, वय चुकले की वारशाचा दर्जा जातो आणि बदल्यात लावावयाच्या झाडांची संख्याही. झाडावर चिकटवलेल्या कागदावर चुकीचे नाव असल्यास ती चूक कार्यालयात बसून कोणाच्याही लक्षात येणार नाही. ती त्या झाडाखालून रोज जाणाऱ्यालाच दिसू शकते, अर्थात त्याला ते झाड ओळखता येत असेल तर.

दिल्लीत या मोजणीला निराळे वळण मिळाले. 2011-12 च्या सुमारास दक्षिण दिल्लीतील सर्वोदय एन्क्लेव्ह या वसाहतीच्या रहिवाशांनी आपल्या गल्ल्यांतील झाडांची गणना स्वतः केली. जातीच्या नावाबरोबर झाडाची प्रकृतीही नोंदवली गेली, तेव्हा ठळकपणे जाणवली ती त्यांची गुदमर: खोडाला अगदी खेटून काँक्रीट व फरशा आल्या होत्या. मुळांपर्यंत पाणी आणि हवा पोहोचण्यास जागाच नव्हती. असे झाड लगेच मरत नाही, म्हणून कोणाचे लक्ष जात नाही. वादळी पावसात ते उन्मळून पडते आणि दोष पावसाला दिला जातो. एप्रिल 2013 मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने दिल्लीतील झाडांभोवतीचे एक मीटर परिघातील काँक्रीट काढण्याचा आदेश दिला. आदेश झाला म्हणजे सर्व काँक्रीट निघाले असे नव्हे. परंतु आपल्या दारातील झाडासाठी नेमकी किती जागा मागावयाची, हे रहिवाशांना त्यामुळे कळले.

केरळातील उपक्रमाला याहून अधिक चिकाटी लागते. म्हैसुरूच्या नेचर कॉन्झर्वेशन फाउंडेशनचा ‘सीझनवॉच’ हा उपक्रम 2010 साली सुरू झाला आणि त्यात देशभरातील नागरिक सहभागी होतात. केरळातील शाळांचा वाटा त्यात फार मोठा आहे. प्रत्येकाने एक झाड निवडावयाचे आणि दर आठवड्याला त्याकडे दोन मिनिटे पाहावयाचे. कोवळी पाने, जून पाने, कळ्या, फुले, कच्ची फळे, पिकलेली फळे, यांपैकी काय आहे आणि ते ‘नाही’, ‘थोडे’ की ‘पुष्कळ’, एवढेच नोंदवावयाचे. शाळेतील मूल हे सहज करते. एप्रिलच्या मध्यावर येणाऱ्या विषूच्या सणाला केरळात पहाटे देवापुढे कणिक्कोन्नेची फुले मांडली जातात. आता तो बहर विषूच्या कितीतरी आधी येऊन गेल्याच्या नोंदी मुलांच्या वह्यांत सापडतात. याला हवामानातील बदल कितपत कारणीभूत आहे, हे दोन-चार वर्षांच्या नोंदींवरून ठरत नाही. म्हणूनच त्या दीर्घकाळ आणि खंड न पडता ठेवाव्या लागतात. पासबुकातील एका नोंदीवरून खातेदाराची ऐपत कळत नाही, तसेच हे आहे.

गळलेल्या पानांचे काय?

झाडांचे नाव व संख्या कळली, तरी त्यांच्या पानांचा प्रश्न उरतोच. शहरांत ती झाडून जाळली जातात वा कचऱ्याच्या गाडीत जातात. सामूहिक बागांनी या पानांना काम दिले आहे. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या, म्हणजे आताच्या मुंबई बंदर प्राधिकरणाच्या, कामगारांसाठी अन्न शिजवणाऱ्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवर 2002 च्या सुमारास सुरू झालेली बाग हे त्याचे नावाजलेले उदाहरण होय. भाज्यांच्या देठा-सालींचा रोजचा ढीग गच्चीवरच मुरवून त्यावर फळझाडे व भाज्या वाढवल्या गेल्या.

या बागेमागील विचार कोल्हापूरचे गणिताचे प्राध्यापक श्री. अ. दाभोळकर यांचा. ‘प्रयोग परिवार’ या चळवळीद्वारे त्यांनी शेतकऱ्यांना आणि शहरवासीयांना थोड्या जागेत, सूर्यप्रकाशाचा हिशेब मांडून पीक घ्यावयास शिकवले. गच्चीवरील बागेसाठी त्यांच्या पद्धतीत माती विकत आणली जात नाही, ती तयार केली जाते. एक किलो ताजे शेण, एक लिटर गोमूत्र आणि 50 ग्रॅम काळा गूळ दहा लिटर पाण्यात कालवून तीन दिवस ठेवतात व रोज तीनदा ढवळतात. चौथ्या दिवशी ते दहापट पाण्यात मिसळून त्यात वाळलेली पाने भिजवतात, आणि त्यांचे थर रचून अधूनमधून वर-खाली करतात. काही महिन्यांत पानांची काळी, हलकी, भुसभुशीत माती होते. ती हलकी असल्याने इमारतीच्या गच्चीवर तिचा भार तुलनेने कमी पडतो. बागेत ओलावा साचून छत गळू नये, याची मात्र काळजी घ्यावीच लागते. एकट्याने हे काम कंटाळवाणे होते. चार कुटुंबांनी वाटून घेतले, तर रविवारची सकाळ पुरते.

बँकांमध्येही स्थापनादिनी वृक्षारोपण होते. शाखेच्या आवारात मान्यवरांच्या हस्ते रोप लावले जाते, छायाचित्र काढले जाते आणि छोटासा फलक बसवला जातो. त्यावर पाहुण्यांचे नाव, हुद्दा आणि दिनांक असतो. झाडाचे नाव बहुधा नसते. ते लिहिण्यापूर्वी रोप खरोखर कोणते आहे हे रोपवाटिकेत विचारून घ्यावे, कारण तेथेही निमुळता ‘अशोक’ अशोक म्हणूनच मिळतो.

वृक्षओळखीस प्रारंभ करण्यास जानेवारीनंतरचा काळ उत्तम. पानगळ झालेली असते आणि काटेसावर, पांगारा व पळस उघड्या फांद्यांवर फुलतात. एप्रिल-मे महिन्यांत बहावा आणि महाराष्ट्राचे राज्यपुष्प असलेला ताम्हण बहरात येतात. सोबत वही, पेन्सिल, पाण्याची बाटली आणि घेर मोजण्यासाठी शिंप्याची टेप पुरते. घेर जमिनीपासून छातीच्या उंचीवर मोजावा. पहिल्या सकाळी पाच झाडांपेक्षा अधिक झाडे वहीत घेऊ नयेत.